रिट्रेंचमेंट: तटामागचा तट आणि कामावरून कमी केलेला माणूस

(दृश्य: विजयदुर्ग, ओहोटीची वेळ. कॅमेरा बाहेरच्या तटावरून आतल्या तटाकडे सरकतो.)

वाघोटण खाडीच्या मुखाशी उभ्या असलेल्या विजयदुर्गाची तटबंदी तिहेरी आहे. बाहेरचा तट पडला तरी गड पडू नये, आतल्या माणसांना मागे सरून पुन्हा पाय रोवता यावेत, हा त्यामागचा विचार. युरोपच्या दुर्गशास्त्रात याच विचारातून केलेल्या आतल्या बांधकामाला 'रिट्रेंचमेंट' म्हणत. तटाला भगदाड पडणार असे दिसू लागले की वेढ्यात सापडलेले सैनिक त्याच्या आतल्या बाजूला चर खणत, निघालेल्या मातीचा बांध रचत आणि आत घुसणाऱ्या शत्रूला या नव्या फळीवर अडवत. 1739 साली चिमाजी अप्पांच्या सैन्याने वसईच्या तटाखाली सुरुंग उडवले. अशा प्रसंगी तटामागे दुसरा तट असणे किंवा नसणे यावर आतल्या प्रत्येकाचा जीव अवलंबून असे.

शब्द मूळचा फ्रेंच असून त्याचा अर्थ तोडून वेगळे करणे असा आहे. चर खणणारा जमिनीचा एक तुकडा तोडून घेतो आणि हिशेब पाहणारा खर्चाचा, म्हणून दोघांच्या कामाला एकच नाव मिळाले. 'शांतता, काटकसर आणि सुधारणा' ही ब्रिटनच्या उदारमतवाद्यांची घोषणा होती आणि तिच्यातल्या काटकसरीला मुळात हाच शब्द आहे. पहिल्या महायुद्धानंतर हिंदुस्थान सरकारचा खर्च छाटण्यासाठी लॉर्ड इंचकेप यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेली समितीही याच नावाने ओळखली जाते. 1968 साली ब्रिटनने सुएझच्या पूर्वेकडचे लष्करी तळ आवरते घेण्याचे जाहीर केले, तेव्हा आंतरराष्ट्रीय राजकारणाच्या अभ्यासकांनी त्या माघारीलाही हेच म्हटले.

(दृश्य: सकाळची एस.टी. गावच्या थांब्यावर येते. पत्र्याची जुनी ट्रंक.)

कोकणातल्या घरांत मात्र हा शब्द मुंबईच्या गिरण्यांतून, गोद्यांतून आणि कारखान्यांतून चाकरमान्यांच्या कागदांबरोबर आला. पत्र वाचून दाखवणाऱ्याने त्याचे मराठी एका वाक्यात केले: "कामावरून कमी केलं." या मराठीत कमी कोण झाले ते लपत नाही, म्हणून मला ते मूळ शब्दापेक्षा प्रामाणिक वाटते.

कायद्याने या शब्दाची व्याख्या 1953 साली, औद्योगिक विवाद कायद्यात दुरुस्ती करून केली. शिस्तभंगाची शिक्षा सोडून अन्य कोणत्याही कारणाने मालकाने कामगाराची सेवा संपवणे म्हणजे रिट्रेंचमेंट, मराठीत कपात; स्वेच्छानिवृत्ती किंवा वयोमानानुसार निवृत्ती तीत येत नाही. 'कोणत्याही कारणाने' या शब्दांवरून न्यायालयांत अनेक वर्षे वाद चालला. बार्शी लाइट रेल्वे सरकारने ताब्यात घेतल्यावर तिथल्या कामगारांचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापुढे आला आणि 1956 साली निकाल लागला, की चालू उद्योगातून जादा ठरलेले कामगार काढणे हीच कपात. धंदा खरोखर बंद झाला किंवा दुसऱ्याकडे गेला तर ती कपात नव्हे. त्या एका अर्थामुळे भरपाईचा हक्क निसटत होता, म्हणून संसदेने पुढच्याच वर्षी बंदी आणि हस्तांतर यांसाठी वेगळी कलमे घातली. 1990 साली सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने व्याख्येचा व्यापक अर्थ, म्हणजे 'कोणत्याही कारणाने' हे शब्द जसेच्या तसे घेऊन केलेला अर्थ, मान्य केला.

म्हणून पत्रात कोणता शब्द आहे हे बारकाईने पाहावे लागते. 'ले-ऑफ' म्हणजे काम तात्पुरते थांबले, नोकरी शाबूत आहे. 'बंदी' म्हणजे उद्योगच मिटला. 'कपात' म्हणजे उद्योग चालू आहे, पण त्यात तुम्ही नाही. कपातीत एक महिन्याची नोटीस किंवा तेवढा पगार आणि पूर्ण केलेल्या प्रत्येक वर्षामागे 15 दिवसांचा सरासरी पगार द्यावा लागतो, म्हणजे 12 वर्षे राबलेल्या माणसाला 180 दिवसांचा. 2020 च्या औद्योगिक संबंध संहितेनेही हे 15 दिवस तसेच ठेवले आहेत.

किल्ल्यातला चर आतल्या सगळ्यांसाठी खणला जाई, तर कारखान्यातली कपात काहींना बाहेर ठेवून उरलेल्यांना वाचवते. बाहेर कोणाला ठेवायचे याचाही नियम आहे: त्या प्रकारच्या कामावर शेवटी लागलेला साधारणपणे आधी जातो, आणि तसे केले नाही तर मालकाला कारण नोंदवावे लागते. त्याच मालकाने कपातीनंतर वर्षभरात पुन्हा भरती काढली, तर कमी केलेल्या कामगाराला अग्रक्रमाने संधी द्यावी लागते. तो हक्क मागायचा तर आपल्याला कपातीनेच काढले होते हे दाखवावे लागते, आणि ते दाखवणारा कागद त्या ट्रंकेत असतो.