स्कॉचमध्ये पाणी घालायचं का? सिरिंज घेऊन बसा, भांडण मिटेल

[टेबलावर चार ग्लास, एक बाटली, औषधाच्या दुकानातली १० मिलीची सिरिंज, तांब्याभर पाणी.]

नमस्कार मंडळी. बेळगावात कुठल्याही टेबलावर स्कॉच उघडली की पाच मिनिटांत एक वाद ठरलेला. एकजण म्हणतो, "सिंगल माल्ट आहे, पाणी ओतून वाट लावू नकोस." (सिंगल माल्ट म्हणजे एकाच डिस्टिलरीची, फक्त मोड आलेल्या बार्लीची व्हिस्की.) तोवर दुसऱ्यानं सोड्यानं ग्लास काठोकाठ भरलेला असतो. तिसरा वेटरला बर्फासाठी हाका मारतोय.

माझं मत आधीच सांगून टाकतो. पाणी घालायचं, पण मोजून. आणि किती, ते बाटलीवरचा अल्कोहोलचा टक्का बघून. बाटलीची किंमत बघून नव्हे.

आता ही सिरिंज. सुई काढून टाका. चारही ग्लासांत पंधरा-पंधरा मिली स्कॉच घेतो. चार पंधरे साठ, म्हणजे सगळं मिळून एक लार्ज झाला. दोघांत हा खेळ खेळलात तर माणशी एक स्मॉल. ही बाटली ४० टक्क्यांची आहे. पहिल्या ग्लासात पाणी नाही, ह्याला म्हणतात 'नीट'. दुसऱ्यात अडीच मिली, तो उतरला ३४ टक्क्यांवर. तिसऱ्यात साडेसात, तो आला २७ च्या आसपास. चौथ्यात पंधरा, बरोबरीनं पाणी, म्हणजे २० टक्के.

[कॅमेरा दुसऱ्या ग्लासाजवळ. पाण्याचा थेंब पडताना.]

हे बघा, जवळून बघा. पाणी पडलं की आत तेलकट दोऱ्यांसारखं काहीतरी फिरतंय. पाणी आणि अल्कोहोल एकमेकांत मिसळताना दिसतात त्या ह्या दोऱ्या. अर्ध्या मिनिटात जातील. त्या जाईपर्यंत ग्लास तोंडाला लावायचा नाही.

वास घ्यायचा तो उलट्या क्रमानं, चौथ्या ग्लासापासून पहिल्याकडे. पहिला, बिनपाण्याचा ग्लास आधी हुंगलात तर नाक बधिर होतं आणि पुढच्या तिन्ही ग्लासांत "काही कळंना" असं होतं. ग्लासात नाक खुपसून मोठा श्वास ओढायचा नाही. तोंड किंचित उघडं ठेवायचं आणि ग्लास हनुवटीपासून हळूहळू वर आणायचा. डोळ्यांत झोंबलं तर तो अल्कोहोल. ग्लास दोन बोटं खाली घ्या.

चौथा ग्लास बघून कोणी हसेल, "हे काय, पाणचट!" तर ऐका. स्कॉटलंडमध्ये ब्लेंडर लोक, म्हणजे कुठली व्हिस्की कशात मिसळायची ते ठरवणारे, पिंपांतले नमुने तपासतात तेव्हा साधारण २० टक्क्यांपर्यंत पाणी घालूनच वास घेतात. दिवसभरात ढीगभर नमुने हुंगायचे असतात, बिनपाण्याचे हुंगून नाक टिकणार नाही. शिवाय पिंपात दोष असेल, जळक्या काडीचा नाहीतर रबराचा वास असेल, तर तो पाणी घातल्यावर चटकन बाहेर येतो.

ह्यामागचं कारणही बऱ्यापैकी माहीत आहे. २०१७ साली स्वीडनच्या लिनियस विद्यापीठातल्या दोन संशोधकांनी कॉम्प्युटरवर रेणूंची मांडणी करून बघितली. व्हिस्कीला धुराचा वास देणाऱ्या रेणूंपैकी एक ग्वायाकॉल. मिश्रण साधारण ४५ टक्के किंवा त्याखाली असलं की हा ग्वायाकॉल अल्कोहोलसोबत वर, पृष्ठभागाकडे येतो. टक्का ५९ च्या वर गेला की अल्कोहोलच्या वेढ्यात सापडून आत बसतो. नाकाला जे वर आलंय तेच मिळणार की.

म्हणून साठ मिलीच्या लार्जला माझा हिशेब असा. ४० ते ४३ टक्के असेल तर दहा ते तीस मिली पाणी. ४६ असेल तर वीसपासून सुरू करा. कास्क स्ट्रेंग्थ, म्हणजे पिंपातून काढून पाणी न घालता भरलेली, ५८-६० टक्क्यांची बाटली असेल तर सरळ बरोबरीनं घाला, तरीही ती ३० च्या आसपास राहते. एकदम ओतू नका. कमी पडलं तर वाढवता येतं, जास्त झालेलं काढता येत नाही. आणि इथल्या बारमध्ये पेग टेबलावर येतो तोच वेटर बाटली तिरकी करून ग्लास भरायला लागतो. "पाणी राहू दे, मी घालतो" हे त्याला ऑर्डर देतानाच सांगायचं.

पाणी कुठलं, हा प्रश्न आपल्याकडे खरा आहे. राकसकोपचं नळाचं पाणी गोड, पण क्लोरीनचा वास असेल त्या दिवशी तेच पाणी व्हिस्कीत घातलंत तर पोहण्याचा तलाव हुंगल्यासारखं होतं. रात्रभर उघड्या पातेल्यात ठेवा नाहीतर उकळून गार करा, वास जातो. बोअरचं पाणी नको. ज्या पाण्यात साबणाला फेस येत नाही त्यातले क्षार व्हिस्कीच्या चवीवर बसतात. घरच्या आरओचं पाणी एकदम चालतं. त्यासाठी महागडं बाटलीबंद पाणी आणायचं कारण नाही.

एक गंमत. पाणी किंवा बर्फ घातल्यावर व्हिस्की धुरकट झाली की लोक म्हणतात, "डुप्लिकेट आहे." नेहमी तसं नसतं. आंबवताना तयार होणारी फॅटी ॲसिडची एस्टरं थंडीत किंवा टक्का उतरला की विरघळलेली राहत नाहीत, म्हणून गढूळपणा येतो. बहुतेक कंपन्या व्हिस्की थंड करून गाळतात ती एवढ्यासाठीच. ४६ टक्के किंवा त्याहून वर भरलेल्या पुष्कळ बाटल्या तशा गाळत नाहीत. लेबलवर 'नॉन चिल फिल्टर्ड' लिहिलेलं असेल तर तो गढूळपणा मालाचा भाग आहे.

आता बर्फ. गार केलं की वास बसतो, जिभेवरची गोडीही दबते. पण बेळगावचा मे महिना म्हणजे काही स्कॉटलंड नव्हे. 'रूम टेंपरेचरला प्या' असं ज्या मुलखातली माणसं सांगतात त्यांची खोली १८-२० अंशांवर असते. आपल्याकडे दुपारी ३६ अंश. तेवढ्या गरम व्हिस्कीतून आधी अल्कोहोलचाच भपका येणार. त्यावर उपाय म्हणजे बाटली पंधरा मिनिटं फ्रीजमध्ये, खालच्या कप्प्यात. बर्फ हवाच असेल तर एकच मोठा खडा, चुरा नको. मोठा खडा हळू वितळतो. आणि बर्फ उघड्या ट्रेमधला नको, कारण फ्रीजमधल्या डोशाच्या आंबलेल्या पिठाचा आणि सुक्या मासळीचा वास बर्फ धरून ठेवतो. पंचवीस वर्षं पिंपात मुरलेली व्हिस्की असली तरी त्या वासापुढं तिचं काही चालत नाही.

सोड्याबद्दल माझं काही वाकडं नाही. ब्लेंडेड, म्हणजे बऱ्याच डिस्टिलरींची मिसळलेली, स्कॉच साठ मिली आणि गार सोडा एकशे ऐंशी, म्हणजे १० टक्क्यांचं पेय. उन्हाळ्यात ह्याहून चांगलं काही नाही. अठरा वर्षांच्या सिंगल माल्टमध्ये सोडा ओतलात तर गुन्हा नाही, पैसे मात्र सोड्यात गेले.

चखण्याकडे वळू, कारण इथं आपली खरी चूक होते. संकेश्वरी मिरचीचा ठेचा, तिखट सुकं मटण आणि नीट व्हिस्की एकत्र घेतलंत आणि म्हणालात की "स्कॉच लई जाळते", तर त्यात स्कॉचचा दोष निम्माच. मिरचीतलं कॅप्सायसिन तोंडातल्या ज्या ग्राहीला, म्हणजे संवेदना टिपणाऱ्या रेणूला, चेतवतं ती मुळात उष्णता ओळखणारी ग्राही. अल्कोहोल तिचा उंबरठा खाली आणतो. मग साधं कोमटसुद्धा भाजल्यासारखं वाटतं, तिखट तर विचारूच नका. तिखट जेवण असेल त्या दिवशी सोडा घ्या. चव बघायची असेल त्या दिवशी भाजलेले काजू घ्या, खानापूर-चंदगड पट्ट्यात त्याला काय तोटा. मीठ कमी. शेंगदाणेही चालतात, मसाला शेंगा नकोत.

आणि कुंदा. चेष्टा नव्हे. दूध आटवून, साखर करपायच्या बेतात आणून केलेला तो खरपूस गोडवा आणि वर धुराची स्कॉच, हा जोड मला चॉकलेटपेक्षा जास्त पटतो. फक्त चमचाभर. वाटी संपवलीत तर पुढचा घोट कडू लागेल.

आता चव सांगायची कशी? बाटलीमागं लिहिलेलं असतं 'हेदर', 'ख्रिसमस केक'. हेदरचं फूल आपल्यापैकी किती जणांनी हुंगलंय? आपल्याकडे शब्द कमी नाहीत. शेरीच्या, म्हणजे एका स्पॅनिश वाईनच्या, पिंपातली व्हिस्की, समजा ग्लेनड्रोनाक १२, घ्या आणि शेजारी गोकाकचं करदंट ठेवा. गूळ, डिंक, मनुका, अंजीर, सगळं तिथं सापडेल. बर्बनच्या, म्हणजे अमेरिकन व्हिस्कीच्या, पिंपातली असेल तर ओलं खोबरं आणि व्हॅनिला. ते खोबरं ओकच्या लाकडातल्या लॅक्टोनमुळं येतं. अमेरिकेत बर्बन नव्या जाळलेल्या ओकच्या भांड्यातच मुरवायची असा कायदा आहे, म्हणून एकदा वापरलेली पिंपं ढिगानं स्कॉटलंडला जातात आणि आपल्याला हे खोबरं मिळतं. ग्रेन व्हिस्की, म्हणजे मका-गव्हासारख्या धान्याची, कोवळी असेल तर उसाच्या चिपाडासारखा फिका गोडवा. आणि स्कॉटलंडच्या आयला बेटाची, लाफ्रॉइग किंवा अर्डबेग असेल, तर थेट दवाखाना: आयोडीन, टिंक्चर, नवीन बँडेज. मागून उसाचा पाला पेटवल्याचा धूर.

तो धूर पीटचा. पीट म्हणजे दलदलीत कुजून दबलेलं गवत-शेवाळ. मोड आलेलं बार्ली त्याच्या धुरावर सुकवतात आणि त्यातली फिनॉल दाण्याला धरतात. हे 'पीपीएम'मध्ये, म्हणजे दहा लाखांत किती भाग असं मोजतात, बोमोरच्या माल्टला पंचवीसच्या आसपास, अर्डबेगच्या पंचावन्नच्या. आकडा दाण्याचा बरं का, बाटलीतल्या व्हिस्कीचा नव्हे. ऊर्ध्वपातनात आणि पिंपात त्यातलं बरंचसं गळतं. जास्त पीपीएम पचवणं म्हणजे मर्दुमकी, असं समजणारा एक पंथ हल्ली निघालाय. मला तो पटत नाही. आणि "आपल्याला धूर चालत नाही" म्हणणाऱ्यांसाठी एक बातमी: टीचर्स ह्या ब्लेंडेड स्कॉचचा कणा अर्डमोर डिस्टिलरीचा माल्ट, तो पीटच्या धुरावरचाच. टीचर्स पिणाऱ्यांना धुराची सवय आहेच, नाव माहीत नव्हतं एवढंच.

लेबलचं भराभर सांगतो. स्कॉच म्हणजे स्कॉटलंडमध्ये ओकच्या पिंपात किमान तीन वर्षं मुरलेली, किमान ४० टक्के. त्यात पाणी आणि रंगासाठी साधं कॅरॅमल, एवढीच भर चालते. त्यामुळं रंग गडद म्हणजे जुनी, हा समज सोडा. '१२' लिहिलंय म्हणजे त्यातली सगळ्यात कोवळी व्हिस्की बारा वर्षांची. 'रिझर्व्ह', 'रेअर' ह्या शब्दांना वयाचा काही आधार नाही. ४२.८ टक्के लिहिलेली ब्लेंडेड बहुधा पिंपांतून आणून भारतात भरलेली असते. ती स्कॉचच, कमअस्सल नव्हे. सिंगल माल्ट स्कॉच मात्र २०१२ पासून स्कॉटलंडमध्येच बाटलीबंद करावी लागते. तेव्हा 'भारतात भरलेली सिंगल माल्ट स्कॉच' कोणी स्वस्तात देत असेल तर हात जोडा. नावावरही जाऊ नका. बेंगळुरूची पीटर स्कॉट व्हिस्की १९६८ पासून बाजारात आहे. तिच्या नावावरचा खटला २००८ मध्ये सर्वोच्च न्यायालयात स्कॉचवाल्यांच्या विरुद्ध गेला, कारण त्यांनी हरकत घ्यायला फार उशीर केला होता. नाव राहिलं, पण ती स्कॉच नव्हे.

आणि आपल्या जिल्ह्याशी जुळणारी गोष्ट म्हणजे मळी. साखर कारखान्यातून निघणाऱ्या मळीच्या स्पिरिटवर इथल्या स्वस्त व्हिस्कीचा मोठा भाग उभा आहे. बाकी जगात मळीची दारू म्हटलं की रम. 'स्कॉच माल्ट मिसळलेली' असं लिहिलेल्या बाटलीत उरलेलं काय आहे, ते मागच्या बारीक अक्षरांत बघा.

गोव्याचं तेवढं सांगतो, कारण कमेंटमध्ये विचारणारच. चोर्ला उतरलं की बाटली स्वस्त, कबूल. पण परमिटशिवाय ती घाट चढवून आणली की एक्साईजच्या तपासणीत सगळी बचत जाते, वर केस. आपल्या वाईन शॉपमधून घेताना झाकणावरचं एक्साईजचं लेबल अखंड आहे का ते बघा.

बाटली उभी ठेवा. वाईनसारखी आडवी ठेवलीत तर कडक अल्कोहोल बूच कुरतडतो. बूच तुटलंच तर चहाच्या गाळणीवर स्वच्छ फडकं टाकून गाळून घ्या. तिसऱ्या हिश्श्याच्या खाली गेलेली बाटली दोन-तीन महिन्यांत संपवा नाहीतर छोट्या बाटलीत भरा. आत हवा जास्त झाली की आधी फळांचा वास उडतो.

[कॅमेरा परत चार ग्लासांवर.]

एवढं बोलेपर्यंत वीस मिनिटं झाली. तिसरा ग्लास आता परत हुंगा. मघाचा झोंबरेपणा गेला असेल आणि गोडवा पुढं आला असेल. ग्लास रिकामे झाले की रात्री विसळू नका, तसेच पालथे न घालता ठेवा. सकाळी अल्कोहोल उडालेला असतो आणि तळाला फक्त लाकूड उरतं. बर्बनच्या पिंपाचं असेल तर खोबरं, शेरीचं असेल तर मनुका. आणि आयलाची असेल तर ग्लास घासणारं माणूस विचारेल, रात्री चूल पेटवली होती काय?