लेनर्डनं लिहून दिलं नाही

नमस्कार मंडळी. आज बोलायचंय अमेरिकन लष्करातल्या गे आणि लेस्बियन सैनिकांबद्दल. नियम-कायदे सांगतोच, पण आधी लेनर्ड मॅटलोविचचा किस्सा, तो सांगितल्याशिवाय मला राहवत नाही.

हा एअर फोर्समधला सार्जंट. व्हिएतनाममध्ये सुरुंगाच्या स्फोटात जखमी झालेला, छातीवर पर्पल हार्ट, ब्राँझ स्टार ही पदकं. तेव्हा गे माणसाला लष्करात बंदी होती. मार्च १९७५ मध्ये हा पठ्ठ्या सरळ आपल्या कॅप्टनकडे गेला आणि हातात पत्र ठेवलं, मी गे आहे आणि मला नोकरीत राहायचंय. कॅप्टननं विचारलं, याचा अर्थ काय? लेनर्ड म्हणाला, ब्राऊन विरुद्ध बोर्ड ऑफ एज्युकेशन. म्हणजे १९५४ ची ती केस, जिच्यात सरकारी शाळांमधला काळा-गोरा भेद कोर्टानं मोडीत काढला, आणि कॅप्टन स्वतः कृष्णवर्णीय! आता त्याला आणखी काय समजावायचं?

सप्टेंबरात लेनर्ड युनिफॉर्ममध्ये 'टाइम' मासिकाच्या कव्हरवर. एअर फोर्सचं म्हणणं काय, तर पुन्हा समलिंगी संबंध ठेवणार नाही हे लिहून दे, नोकरीत ठेवतो. मला ना या 'लिहून द्या'वाल्या लोकांचा जाम राग येतो, माणूस खोटं बोलला तरी चालेल पण कागद हवा, सगळीकडे हेच. लेनर्डनं लिहून दिलं नाही. नाही म्हणजे नाही. काढलं त्याला. मग ५ वर्षं कोर्टबाजी, १९८० मध्ये कोर्ट म्हणालं परत घ्या, शेवटी १,६०,००० डॉलरवर तडजोड झाली.

१९८८ मध्ये एड्सनं गेला. थडग्याचा काळा दगड त्यानं आधीच करून ठेवलेला, त्यावर स्वतःचं नाव नाही (लोक बाकड्यावरसुद्धा नाव कोरतात हो!), नुसतं 'एक गे व्हिएतनाम सैनिक'. आणि खाली, लष्करात दोन माणसं मारली म्हणून मला मेडल दिलं, एकावर प्रेम केलं म्हणून काढून टाकलं.

बघा, वेळ संपत आली. तर पटापट. १९९३ मध्ये क्लिंटननी कायदा आणला, 'विचारू नका, सांगू नका'. साहेबानं विचारायचं नाही, सैनिकानं सांगायचं नाही, कळलं की घरी. विचारू नका, सांगू नका, आणि तरी १३,००० च्या वर लोक काढलेच! डिसेंबर २०१० मध्ये ओबामांनी तो रद्द करायच्या कायद्यावर सही केली, २० सप्टेंबर २०११ पासून बंद.

हां, एक राहिलंच. लेनर्डच्याच रांगेत एफबीआयचे, म्हणजे अमेरिकेच्या केंद्रीय तपास संस्थेचे, प्रमुख जे. एडगर हूवर पुरलेत, समलिंगी लोकांच्या फायली जमवणारे तेच.