फ्लॉरेन्सचे महापौर आणि बोलोन्यातली बाकं

मित्रहो, 'युरोपातला नागरिक आणि कॅथलिक विचार' या विषयाकडे मी येणारच आहे. पण आधी जॉर्जो ला पिरांबद्दल बोलू द्या. या माणसाची ओळख आपल्याकडे कुणी करून देत नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं. युरोपातल्या चर्चची बातमी आपल्याकडे पोहोचते ती गर्भपात नाहीतर घटस्फोटाच्या वादापुरती. चर्चच्या लोकांनी नगरपालिका कशा चालवल्या, हे कुणी विचारतच नाही.

ला पिरा मूळचे सिसिलीचे. फ्लॉरेन्सला रोमन कायद्याचे प्राध्यापक. १९४६ मध्ये संविधान सभेवर निवडून गेले, १९५१ मध्ये फ्लॉरेन्सचे महापौर झाले. राहायचे सान मार्कोच्या मठातल्या एका खोलीत. युद्धानंतरचे दिवस, भाडेकरूंना घराबाहेर काढण्याचे हुकूम निघत होते आणि त्याच शहरात श्रीमंतांच्या कोठ्या कुलूपबंद पडून होत्या. प्राध्यापकांनी १८६५ सालचा कायदा शोधून काढला. लोकांची निकड गंभीर असेल, तर प्रशासनाला खासगी मालमत्ता तात्पुरती ताब्यात घेता येते, असं कलम त्यात होतं. घेतल्या ताब्यात! मालक खवळले, पण बिऱ्हाडं आत गेली. पुढे १९५४ मध्ये इझोलोत्तो ही नवी वसाहतच उभी राहिली.

आणि पिन्योने कारखाना! १९५३ मध्ये तो बंद व्हायला निघाला, कामगार आत ठाण मांडून बसले आणि महापौर त्यांच्या बाजूने उभे राहिले. सरकारी तेल-वायू कंपनी 'एनी'चे प्रमुख एन्रिको मात्तेई यांना त्यांनी गाठलं. असं सांगतात, की ला पिरा त्यांना म्हणाले, "पवित्र आत्म्याने मला सांगितलंय, पिन्योने तुम्ही घेणार." हसा, हसा. पण १९५४ मध्ये एनीने कारखाना खरंच घेतला. त्याच वर्षी नगरसभेत त्यांनी बजावलं, की माझ्यावर अविश्वास ठराव आणायचा तर आणा, पण बेकारांच्या आणि बेघरांच्या भानगडीत पडू नका, हे मला सांगण्याचा अधिकार तुम्हाला नाही. बंधू-भगिनींनो, हे वाचताना आजही माझ्या अंगावर काटा येतो.

आता गंमत बघा. त्यांच्यावर सगळ्यात कडक टीका कुणी केली? दुसऱ्या एका कॅथलिकानेच. दोन लुइजी स्तुर्झो हे सिसिलीतले धर्मगुरू. ('दोन' म्हणजे इटलीत 'फादर'.) आपल्या काल्ताजिरोने गावाचा कारभार त्यांनी वर्षानुवर्षं पाहिला, १९१९ मध्ये पक्ष काढला, मुसोलिनीमुळे परागंदा झाले. ते म्हणाले, गरिबांच्या नावाने का होईना, तुम्ही सगळं सरकारच्या हाती देताय. घरांच्या बाबतीत मी ला पिरांच्या बाजूचा. कारखान्याच्या बाबतीत मात्र स्तुर्झोंचं म्हणणं मला झटकून टाकता येत नाही.

चिठ्ठी आली, पाच मिनिटं उरलीत. तर मुद्दा.

या भांडणाच्या मुळाशी आहे सब्सिडिॲरिटीचं तत्त्व. जे काम कुटुंबाला, मोहल्ल्याला, गावाला जमतं ते वरच्याने हिसकावू नये. जमत नसेल तिथे मात्र वरच्याने मदतीला यावं. पोप पायस अकरावे यांनी हे १९३१ च्या मे महिन्यात लिहिलं, आणि त्याच महिन्यात मुसोलिनीने कॅथलिक तरुणांची मंडळं बंद पाडली. १९९२ च्या मास्ट्रिख्ट करारात हेच तत्त्व युरोपीय संघाने स्वीकारलं. २००१ मध्ये ते इटलीच्या संविधानात आलं: कलम ११८ सांगतं, की सार्वजनिक हितासाठी नागरिक स्वतःहून पुढे आले तर सरकारने त्यांना बळ द्यावं.

बोलोन्यात काही महिलांना चौकातल्या बागेला बाकं द्यायची होती. त्यांना या खात्यातून त्या खात्यात फिरवलं गेलं, कारण नागरिकांनी दिलेली वस्तू स्वीकारायची सोयच नियमात नव्हती. २०१४ मध्ये महापालिकेने नियमावली केली: नागरिक आणि पालिका करार करतात, बाग, भिंत, चौक मिळून सांभाळतात. कितीतरी इटालियन नगरपालिकांनी ती उचलली. आणि बोलोन्या म्हणजे कम्युनिस्टांचा जुना बालेकिल्ला, हे ध्यानात घ्या! हरित वसईसाठी फादर दिब्रिटोंबरोबर रस्त्यावर उतरलेल्यांना हे वेगळं समजवायला नको.

शेवटचं. जुलै २०२४, त्रिएस्ते, इटलीच्या कॅथलिकांचा सामाजिक सप्ताह. विषय लोकशाही. पोप फ्रान्सिस म्हणाले, लोकशाहीची तब्येत ठीक नाही. मतदानाला न जाणाऱ्यांची काळजी त्यांनी बोलून दाखवली. महिनाभरापूर्वीच्या युरोपीय निवडणुकीत इटलीतले निम्म्याहून अधिक मतदार घरी बसले होते. चौकातलं बाक रंगवायला येणारा माणूस मतदान केंद्रावर का जात नाही? स्तुर्झो म्हणतील, वरच्यांनी त्याच्या हाती काही ठेवलंच नाही. ला पिरा म्हणतील, त्याच्या घरभाड्याचं काय ते आधी बघा. मला विचाराल तर आज ला पिरांचं आधी ऐकावं. आता प्रश्न घेऊ.