आधी अरुंद, मग रुंद

नमस्कार, श्रोतेहो.

आग विझवणाऱ्या जवानांच्या हातातला होज आठवा. जाड पाइप, आणि टोकाला निमुळतं होत गेलेलं नोझल. पाइपातून जितकं पाणी येतं तितकंच टोकातून बाहेर पडायला हवं. वाट अरुंद झाली, म्हणून पाण्याचा वेग वाढतो आणि धार वरच्या मजल्यापर्यंत पोचते. पाण्याला नवी ताकद कोणी दिलेली नसते. पंपाने निर्माण केलेला दाब नोझलमध्ये वेगाच्या रूपात बाहेर पडतो, इतकंच.

आता रॉकेटचं इंजिन डोळ्यांपुढे आणा. खाली काय दिसतं? मोठी घंटा, तोंडाशी रुंद होत गेलेली. अरुंद वाटेने वेग वाढतो, तर मग ही रुंदी कशासाठी? मला आज याच प्रश्नाबद्दल बोलायचं आहे, कारण याचं उत्तर विलक्षण सुंदर आहे.

पाणी दाबलं तरी फारसं आकसत नाही. वायू आकसतो आणि फुगतोही. रॉकेटच्या ज्वलनकक्षातला तप्त वायू आधी अरुंद होत जाणाऱ्या भागात शिरतो आणि वेग घेतो. सर्वांत चिंचोळ्या जागी, म्हणजे नोझलच्या घशाशी, त्याचा वेग ध्वनीच्या वेगाइतका होतो. तिथे गाडी अडते. बाहेरचा दाब कितीही कमी करा, घशातून जाणारा वायू वाढत नाही. दाबातल्या बदलाची वर्दी वायूतून ध्वनीच्याच वेगाने पसरते. समोरून प्रवाहही त्याच वेगाने येत असेल, तर ती वर्दी मागे कक्षापर्यंत पोचणारच कशी?

घशाच्या पुढे मात्र सगळे नियम उलटतात. ध्वनीहून वेगवान झालेला वायू पसरू लागला की त्याची घनता झपाट्याने घटते, वेग वाढतो त्याहूनही झपाट्याने. इतक्या विरळ झालेल्या वायूला जायला जागा जास्त लागते. म्हणून वाट रुंद करत न्यायची, आणि रुंद होणाऱ्या वाटेतच वायू आणखी धावतो. पसरताना तो थंड होतो. त्याची उष्णता गतीत उतरते.

हा आकार मुळात रॉकेटसाठी घडलेलाच नव्हता. स्वीडनच्या गुस्ताफ द लाव्हाल या अभियंत्याने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तो वाफेच्या टर्बाइनसाठी वापरला. दुधातून साय वेगळी करणारं फिरतं यंत्रही याच माणसाचं! पुढे अमेरिकेत रॉबर्ट गॉडर्ड यांनी हे नोझल रॉकेटला लावलं. 16 मार्च 1926 रोजी त्यांचं द्रवइंधनाचं पहिलं रॉकेट उडालं.

स्पेस शटलच्या मुख्य इंजिनात कक्षाचं तापमान 3,300 अंश सेल्सिअसच्या आसपास जाई. कोणताही नेहमीचा धातू तिथे वितळेल. म्हणून घंटेची भिंतच बारीक नळ्या शेजारी शेजारी जोडून बनवली होती, आणि त्या नळ्यांतून अतिथंड हायड्रोजन खेळवत. भिंत थंड करून झाली की तोच हायड्रोजन पुढे जळायला जाई. वायू बाहेर पडे तो सेकंदाला चार किलोमीटरहून अधिक वेगाने.

घंटा किती मोठी असावी, हे बाहेरच्या हवेवर ठरतं. जमिनीलगत फार मोठी घंटा वापरली, तर आतला वायू गरजेपेक्षा जास्त विरळ होतो, बाहेरची हवा त्याला भिंतीपासून सोडवते आणि हादऱ्यांनी नोझल मोडू शकतं. अवकाशात हवाच नाही, म्हणून वरच्या टप्प्यांच्या इंजिनांना ऐसपैस घंटा देतात.

डिझेल इंजिनाचा इंजेक्टर, शाईचा प्रिंटर, पाण्याच्या धारेने पोलाद कापणारं यंत्र, सगळ्यांचा जीव अशाच बारीक भोकात आहे. पण फवारणीच्या पंपाचं नोझल मला जास्त महत्त्वाचं वाटतं, कारण ते सर्वांत दुर्लक्षित आहे. तिथे वेगापेक्षा थेंबाचा आकार मोलाचा. फार बारीक थेंब वाऱ्यावर उडून जातात आणि फवारणाऱ्याच्या श्वासातही शिरतात. फार मोठे थेंब पानावरून ओघळतात. कीटकनाशकासाठी साधारणपणे पोकळ शंकूसारखा फवारा देणारं नोझल घेतात, तणनाशकासाठी पंख्यासारखा सपाट फवारा देणारं. वापरून वापरून भोक झिजतं, पण डोळ्यांना ते कळत नाही. त्यासाठी पंपात साधं पाणी भरा, नेहमीच्या दाबावर एक मिनिट मोजपात्रात धरा आणि तेवढ्याच दाबावर नव्या नोझलमधून पडणाऱ्या पाण्याशी ताडून पाहा. दहा टक्क्यांहून जास्त पाणी पडत असेल तर नोझल बदला. आणि ते तुंबलं तर तार किंवा टाचणी घालू नका, तोंडाने तर मुळीच फुंकू नका. हातमोजे घालून मऊ ब्रशने आणि पाण्याने साफ करा.

नमस्कार.