बुटाला घासणारं चाक

मंडळी, माझी धाकटी बहीण चार फूट अकरा इंच उंच. दुकानातली सगळ्यात लहान मापाची रोड सायकल तिने हौसेने घेतली. पहिल्याच आठवड्यात सोसायटीच्या फाटकाशी हळू वळताना बुटाचं टोक पुढच्या चाकाला लागलं आणि ती आडवी झाली. गुडघा सोलवटला. घरी येऊन म्हणाली, "दादा, मला नाही बाबा वळवता येत." चूक फ्रेमची होती आणि ओशाळली होती ती.

होतं काय, फ्रेम लहान केली तरी चाक बहुतेकदा तेच राहतं, रिमवर टायर जिथे बसतो तिथला व्यास ६२२ मिलिमीटर. वरचा दांडा आखूड केला की चाक पावलाजवळ येतं. मग पुढचं चाक धरणारा चिमटा पुढे कलवायचा, सीटची नळी जास्त उभी करायची, असल्या तडजोडी होतात. दांड्याचं माप कागदावर लहान दिसतं, पण बसणारी पेडलवर पुढे ढकलली जाते आणि भार हातांवर येतो. मापाची फ्रेम बांधणारा कारागीर चाकच बदलू शकतो. ५८४ मिलिमीटरचं घेतलं की सगळी भूमिती मोकळी होते.

फ्रेम बनवून घेणं म्हणजे पैसेवाल्यांची चैन, असं आपण समजतो. मला वाटतं, तिची खरी गरज बुटक्यांना, फार उंचांना आणि दुखणं असणाऱ्यांना. बेल्जियमचा नामांकित सायकलपटू एडी मर्क्स, त्याचंच बघा. १९६९ मध्ये फ्रान्समधल्या ब्ल्वाच्या ट्रॅकवर तो पडला, कंबरेला मार बसला. त्यानंतर तो शर्यत चालू असतानाही सीटची उंची खालीवर करत असे. १९७२ मध्ये मेक्सिको सिटीत त्याने तासाभरात ४९.४३१ किलोमीटर कापले, ते इटालियन कारागीर एर्नेस्तो कोलनागोने त्याच्यासाठी बांधलेल्या सायकलवर.

जपानच्या केइरिनमध्ये, म्हणजे ट्रॅकवरच्या सायकल शर्यतींत, तर गंमतच आहे. या शर्यतींवर कायदेशीर पैज लागते, म्हणून यंत्राच्या जोरावर कुणी जिंकू नये असा दंडक. पुरुष स्पर्धक आजही मान्यताप्राप्त कारागिरांच्या स्टीलच्या फ्रेमवर धावतात. साहित्यावर बंधन कडक, पण माप मात्र ज्याचं त्याचं.

स्टीलच्या नळीची जाडीही निवडता येते. टोकांना, म्हणजे जोडाशी, ०.९ मिलिमीटर आणि मध्ये ०.६, अशा नळ्या मिळतात. नव्वद किलोच्या माणसाला आणि पंचेचाळीस किलोच्या मुलीला एकच नळी कशाला? शिवाय एखादी नळी चेपली तर ती कापून नवी डाखता येते.

आता स्पष्ट बोलतो. तुमची उंची मध्यम असेल आणि काही दुखत नसेल तर हा खर्च करू नका. सीट सरकवा, हँडलचा स्टेम, म्हणजे त्याला फ्रेमशी जोडणारा तुकडा, बदला, बहुतेकांचं तेवढ्यात भागतं. महिनोन्महिने थांबायची तयारी नसेल तरीही नकोच.

बहिणीसाठी मात्र फ्रेम बांधून घेतली. तिची मापं घेताना कारागिराने तिला अनवाणी भिंतीला टेकून उभं केलं, मांड्यांमध्ये एक जाड पुस्तक घट्ट धरायला लावलं आणि त्याच्या वरच्या कडेपासून जमिनीपर्यंत टेप लावला. मग हात, खांदे, धड. दर वेळी आकडा मोठ्याने म्हणून वहीत लिहीत होता. ती कुजबुजली, "शिंप्याकडे आल्यासारखं वाटतंय." आता त्याच फाटकाशी ती नव्या सायकलवर मला मुद्दाम चाक पुरतं वळवून दाखवते. बूट आणि टायर यांच्यात दोन बोटं सहज जातात.