मूठ आवळा, तीस सेकंद

(दृश्य : रात्र. अभ्यासाचं टेबल, दिव्याचा उजेड.)

गणिताचं पुस्तक उघडं आहे. उजव्या हातात पेन आणि डाव्या हाताची नखं उजव्या कोपराच्या लवणीत. आपण खाजवतोय हे त्या मुलाच्या गावीही नाही.

इसब ताणामुळे जडत नाही, पण ताणाने चिघळतो. दहावी-बारावीच्या दिवसांत खाज वाढते, झोप मोडते. खाजवलं की कातडी सोलवटते आणि पुन्हा खाज सुटते. पुढे पुढे तर खाज नसतानाही हात तिकडे जातो. अशा वेळी 'खाजवू नकोस' हे सगळ्यांत निरुपयोगी वाक्य. त्याने मूल ओशाळतं आणि ताण आणखी वाढतो.

ही सवय मोडण्याची एक पद्धत १९८०च्या दशकात स्वीडनमध्ये तपासली गेली.

(दृश्य : बोटातला जपाचा काउंटर.)

पहिला आठवडा फक्त मोजायचं. जपासाठी बोटात घालतात तो काउंटर चालतो. हात गेला की एकदा दाबायचं. कमी करायची खटपट नको. गणवेश काढताना, टीव्हीसमोर, गृहपाठाच्या वेळी, हात कधी जातो तेवढं टिपून ठेवायचं. दुसऱ्या आठवड्यापासून हात उठला की दोन्ही मुठी घट्ट आवळून तीस सेकंद धरायच्या. तरीही खाज उरली, तर त्या जागी नख नुसतं दाबायचं. ओढायचं नाही.

फसतं ते इथे : मुठी आवळणं चालू राहतं, डॉक्टरांनी दिलेलं मलम मात्र सुटतं. वरून बरी दिसणारी कातडी आतून अजून धुमसत असते. चार दिवसांत चट्टा परततो आणि मुलाला वाटतं, आपणच हरलो. म्हणून मलम डॉक्टर सांगतील तितके दिवस लावायचंच. मोठ्या माणसाच्या तर्जनीच्या शेवटच्या पेराएवढी रेघ, म्हणजे साधारण अर्धा ग्रॅम, बोटांसकट दोन तळहातांएवढ्या जागेला पुरते. मेडिकलमधून आपल्या मनाने आणलेली, बुरशीचं औषध आणि स्टेरॉइड एकत्र असलेली क्रीम नकोत.

अंघोळ कोमट पाण्याने, पाच-दहा मिनिटं. अंग टिपायचं, पुसायचं नाही, आणि लगेच मॉइश्चरायझर.

झोपण्याआधी पाच मिनिटं : चार आकडे श्वास आत, सहा आकडे बाहेर. हे परीक्षेच्या आदल्या रात्री सुरू केलं तर साधत नाही, दोन-तीन आठवडे आधीपासून हवं.

मधाच्या रंगाच्या खपल्या, ताप किंवा दुखणारे फोड दिसले तर त्याच दिवशी डॉक्टरकडे. मूल शाळा टाळू लागलं, गप्प गप्प राहू लागलं, तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास चालू असतो.