एक कांडी, दोन फुटवे

(दृश्य : पाण्याखाली कात्रीची पाती. खोड कापलं जातं. कापलेल्या टोकातून बुडबुड्यांची माळ. पाच सेकंद निवेदन नाही.)

कापलेल्या खोडातून वर चाललेली ही माळ प्राणवायूची आहे. पानांत तयार झालेला वायू खोडातल्या बारीक पोकळ्यांत भरून राहतो आणि कात्री लागली की त्याला वाट मिळते. मत्स्यालयाच्या टाकीवरचे दिवे लागून चार-पाच तास झाले की हे असं दिसतं. दिवा लावल्या लावल्या छाटलं, तर एखादाच बुडबुडा येतो.

ही हायग्रोफिला पॉलिस्पर्मा. अडुळसा आणि अबोली ज्या कुळातली, त्याच कुळातली. भारतीय उपखंड आणि आग्नेय आशियातल्या पाणथळ जागी, संथ पाण्यात वाढणारी. नावातल्या पहिल्या शब्दाचा अर्थ ओलाव्याची आवड असलेली, दुसऱ्याचा अर्थ पुष्कळ बियांची. टाकीत मात्र तिच्या बियांचा कुणाला उपयोग नाही. तिथे सगळा कारभार पेरांवर चालतो.

(दृश्य : एक पेर, अगदी जवळून.)

हे पेर नीट पाहा. समोरासमोर दोन पानं आणि प्रत्येक पानाच्या बगलेत एक डोळा. उसाच्या कांडीवर असतो तसाच, फक्त मोहरीहून बारीक. शेंडा शाबूत असेपर्यंत हे डोळे फुटत नाहीत, कारण शेंड्यात तयार होऊन खाली उतरणारं ऑक्सिन हे संप्रेरक त्यांना दाबून धरतं. शेंडा कापला की कापाखालच्या पेरावरचे दोन्ही डोळे जागे होतात. एका खोडाचे दोन फुटवे. कात्री कुठल्या पेरावर लावायची हे ज्याला कळलं, त्याला ही वनस्पती सांभाळता आलीच.

तिला कार्बन डायऑक्साइडचं सिलेंडर लागत नाही, महागडी मातीही लागत नाही. १८ ते ३० अंश सेल्सिअस तापमान, सामू (पीएच) ६ ते ८, पाणी मऊ असो वा जड, ती तग धरते. नवी टाकी मांडताना उपकरणांची यादी आधी होते आणि रोपांचा विचार सगळ्यात शेवटी. हा क्रम उलटा हवा. पहिल्याच दिवशी रोपं, आणि तीही भरपूर. नव्या टाकीत अमोनिया साचतो. झपाट्याने वाढणारी ही रोपं तो थेट शोषून घेतात, म्हणून शेवाळाला तेवढं कमी मिळतं.

(दृश्य : जाळीची कुंडी, राखाडी रॉकवूल, चिमटा.)

रोपवाटिकेतून येणारं रोप असं असतं. मुळांभोवती रॉकवूल, म्हणजे दगडापासून केलेली धाग्यांची लोकर. कुंडी कापून ते बोटांनी मोकळं करायचं आणि उरलेले धागे वाहत्या पाण्याखाली चिमट्याने काढायचे. काही जुड्यांना शिशाची पट्टी गुंडाळलेली असते. ती सोडलीच पाहिजे. आवळलेल्या जागी खोड काळं पडतं, कुजतं आणि वरचा अख्खा भाग सुटून तरंगायला लागतो. पानाच्या मागच्या बाजूला असा पारदर्शक, जेलीसारखा ठिपका दिसला तर ती गोगलगाईची अंडी. अंगठ्याने पुसून काढावीत.

आता खोड कापू. काप पेराच्या लगेच खाली, कारण मुळं पेरातून फुटतात. पेराखाली लांब शेपूट ठेवलं तर तेवढा भाग वाळूत नुसता कुजतो. खालच्या दोन पेरांवरची पानं खुडायची, पण ओरबाडायची नाहीत. पानाच्या बुडाचा दोन-तीन मिलिमीटरचा खुंट राहू द्यावा. हा खुंट वाळूत आकड्यासारखा अडकतो.

टाकीच्या मागच्या बाजूला वाळूचा ५ ते ६ सेंटिमीटर थर, खड्याचा आकार २ ते ३ मिलिमीटर. चिमट्याने खोडाचं अगदी खालचं टोक धरा, चिमटा आणि खोड एका रेषेत ठेवा, आणि तिरकं खुपसा. पडद्यावर पहिलं खोड तरंगून वर आलं, कारण चिमटा रुंद उघडून सरळ वर ओढला गेला. दुसऱ्या वेळी पाहा : टोकं जेमतेम सैल केली, किंचित हलवली आणि ज्या तिरक्या वाटेने चिमटा आत गेला त्याच वाटेने तो बाहेर आला. खोड जागच्या जागी राहिलं. दोन खोडांत २ ते ३ सेंटिमीटर अंतर. जुडी जशीच्या तशी खोवली की मधल्या खोडांना उजेड मिळत नाही आणि पंधरा दिवसांत जुडीचं पोट पोकळ होतं. ६० सेंटिमीटरच्या टाकीत एका कोपऱ्यासाठी वीसेक खोडं पुरतात.

(दृश्य : पहिले तीन आठवडे, वेगाने.)

पहिल्या दोन-तीन आठवड्यांत जुनी पानं अशी पिवळी, पारदर्शक होऊन गळतात. बरीच रोपं इथेच उपटून फेकली जातात आणि ते बघवत नाही, कारण रोप मेलेलं नसतं. रोपवाटिकेत ते हवेत वाढलेलं असतं. त्या पानांवर मेणासारखा थर असतो आणि तो पाण्यात अडचणीचाच ठरतो. कार्बन डायऑक्साइड हवेपेक्षा पाण्यात सुमारे दहा हजार पट सावकाश पसरतो, त्यामुळे पाण्याखाली पातळ, नाजूक पान हवं. रोप नेमकं तेच नव्याने घडवत असतं. या दिवसांत शेंड्याकडे पाहायचं. शेंडा हिरवा, ताठ असेल तर काळजी नाही. गळकी पानं काढत राहावीत आणि आठवड्याला ३० ते ४० टक्के पाणी बदलावं. फिल्टरचा प्रवाह पानं जेमतेम हलतील एवढा ठेवला की पानाला चिकटून राहिलेलं वापरलेलं पाणी सरकतं आणि ताजं पाणी येतं.

पहिला महिना दिवा ६ तास, पुढे ८ तास, आणि तोही टायमरवर. दिवा कमजोर आहे म्हणून १२ तास चालू ठेवला तर रोपाला फायदा नाही, शेवाळाला आहे. उजेड पुरतो की नाही हे रोपच सांगतं. या दोन खोडांवरचं पेरांतलं अंतर पाहा. डावीकडे दीड सेंटिमीटर, उजवीकडे जवळजवळ पाच. उजवीकडचं खोड उजेडासाठी धावतं आहे. उजेड कडक असेल तर शेंड्याकडची पानं तपकिरी-गुलाबी होतात.

(दृश्य : भोकं पडलेलं पान, पाठीमागून उजेड.)

या पानावर टाचणीने टोचल्यासारखी भोकं आहेत आणि प्रत्येक भोकाला पिवळट-तपकिरी कड आहे. पहिला संशय गोगलगाईवर जातो. पण भोकं फक्त जुन्या, खालच्या पानांवर आहेत, शेंडा स्वच्छ आहे. ही पोटॅशियमची कमतरता. हायग्रोफिलाला पोटॅशियमची भूक मोठी. पुरेसं मिळालं नाही की ती जुन्या पानांतलं काढून नव्या पानांना देते. १०० लिटर पाण्यात १ ग्रॅम पोटॅशियम सल्फेट टाकलं की पोटॅशियम साधारण ४.५ पीपीएमने, म्हणजे लिटरमागे ४.५ मिलिग्रॅमने वाढतं. शेतीच्या विद्राव्य खतांत ०:०:५० म्हणतात ते हेच. पाणी बदलल्यावर आठवड्याला १ ते २ ग्रॅम, आधी कपभर पाण्यात विरघळवून टाकावं. पडलेली भोकं बुजत नाहीत. पुढच्या दोन-तीन आठवड्यांत येणारी पानं धड निघतात का, तेवढं पाहायचं. उलट नवी पानं फिकट आणि शिरा हिरव्या असतील तर लोह कमी पडतं आहे. जुनं पान सबंध पिवळं पडत असेल तर पाण्यातलं नायट्रेट कमी पडतं आहे का ते तपासावं.

पेरांतून पाण्यात लोंबणारी ही पांढरी मुळं रोग नव्हे. रोप त्यांनी पाण्यातूनही अन्न घेतं. नकोशी वाटली तर कापावीत.

(दृश्य : सहावा आठवडा. शेंडे पाण्याच्या पातळीला टेकलेले.)

छाटणीची वेळ हीच. शेंडे पाण्यावर आडवे पसरले की खालचा भाग सावलीत जातो आणि पानं टाकून देतो. आधी फिल्टर बंद करायचा, नाहीतर तुकडे टाकीभर पसरतात. जेवढी उंची हवी त्याच्या ४-५ सेंटिमीटर खाली कापावं, कारण फुटवे तिथून वर यायचे आहेत. काप पेराच्या वर. पुढची ओळ ठेंगणी, मागची उंच. कापलेले १२ ते १५ सेंटिमीटरचे शेंडे रिकाम्या जागी लावता येतात. एकाच बुंध्यावर तीन छाटण्या झाल्या की तो लाकडासारखा होतो आणि फुटवे बारीक येतात. तेव्हा बुंधे उपटून नवे शेंडे लावावेत. पण एका वेळी एक तृतीयांशच, कारण उपटताना थराखालचा गाळ वर येतो. त्याच दिवशी सायफनने तो ओढून घ्यावा.

उरलेले तुकडे ओढ्या-तळ्यांत कधीही टाकू नयेत : एका पेरातूनही रोप उभं राहतं, फ्लोरिडाचे कालवे तिने भरून टाकले आणि अमेरिकेत ती केंद्रीय पातळीवर उपद्रवी तण म्हणून नोंदलेली आहे. कडकडीत वाळवून मगच कचऱ्यात.

(दृश्य : छाटणीनंतरचा सातवा दिवस. तेच पेर, जवळून.)

कापाची कड तपकिरी झाली आहे. तिच्या खाली दोन्ही बगलांत हिरवे कोंब, एक जरासा मोठा. मोठा आहे तो दिव्याच्या बाजूचा. पुढच्या छाटणीत आधी तो कापायचा.

(निवेदन समाप्त. दृश्य दहा सेकंद चालू.)